पोट ताठ, मॅप ठीक, आतडं उपाशी: आयएपी वाढल्यावर कुठलं औषध, कधी आणि किती

आधीच सांगते, हे आयसीयूत नाइट करणाऱ्या रेसिडेंट, आरएमओ आणि सिस्टर लोकांसाठी लिहितेय. मॅप म्हणजे धमन्यांतलं सरासरी बीपी, आयएपी म्हणजे पोटाच्या आतलं प्रेशर, आणि पुढे येणारं नॉरॲड म्हणजे नॉरॲड्रेनलिन, धमन्या आवळून बीपी चढवणारं औषध. घरी कुणाचं पोट फुगलंय म्हणून वाचत असाल तर यातलं काही उचलू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

रात्री दोनचा एक फोन मला पाठ झालाय. "मॅडम, सात नंबरचा पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), पोट नगाऱ्यासारखं ताठ झालंय, दोन तासांत युरिन 20 एमएल, पण बीपी 100/55 आहे, नॉरअ‍ॅड 0.1 वर, थोडं डोपामिन जोडू का, आतड्याला आणि किडनीला ब्लड जाईल." माझा उलटा प्रश्न पण ठरलेला, पोटाचं प्रेशर मोजलं का? यावर पलीकडे जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी हा लेख.

आतड्याचा रक्तपुरवठा वाढवणारं औषध नसतंच असं नाही, आहे, आणि त्याचं नाव डोपामिन नाही. पण ते औषध रांगेत चौथ्या नंबरवर उभं आहे, पुढचे तीन सोडून त्याला आधी बोलावलं की ते काही करत नाही आणि कधीकधी वाट लावतं. सात नंबरचा पेशंट, वय 46, वजन 60 किलो, आजाराची तिसरी रात्र, हाच धरून पुढे जाऊ.

मॅप 70 असून आतडं उपाशी कसं

शेताला पाणी देताना रबरी पाइपवर ट्रॅक्टरचं चाक चढलं तर विहिरीजवळच्या मोटारीचा गेज प्रेशर चांगलंच दाखवतो, शेवटच्या सरीला मात्र पाणी पोचत नाही. मॉनिटरवरचा मॅप हा विहिरीजवळचा गेज आहे. पोटाच्या बंद डब्यात प्रेशर वाढलं की आधी मऊ भिंतीच्या शिरा दबतात, म्हणजे आतड्यातून रक्त बाहेर पडायची वाट अडते, मग केशवाहिन्या. वर इन्फिरिअर व्हेना कावा दबते म्हणून हृदयाकडे रक्त कमी येतं, डायफ्रॅम वर ढकलला जातो म्हणून छातीतलं प्रेशर वाढतं, कार्डियाक आउटपुट पडतो. मग शरीर घाबरून ॲड्रेनलिन, अँजिओटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन सोडतं, आणि ही सगळी मंडळी मेंदू-हृदय वाचवायला पहिला चिमटा कुठे काढतात तर आतड्याच्या धमन्यांना. एरवी विश्रांतीत आउटपुटचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा आतडं-लिव्हर या भागाला जातो, कपात सुरू होते ती पण तिथूनच.

त्यात आतड्याची स्वतःची एक अडचण आहे. विलस म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा बोटासारखा बारीक उंचवटा, त्याच्या मधून धमनी वर जाते आणि तिला चिकटूनच शीर खाली येते, त्यामुळे थोडा ऑक्सिजन वाटेतच धमनीतून शिरेत उडी मारतो, टोकापर्यंत पोचतच नाही. टोक बारा महिने टंचाईत. डुकरांवरच्या प्रयोगात मॅप टिकवून ठेवूनही आयएपी 20 केलं तर म्यूकोसाचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराचा, रक्तप्रवाह जवळपास 40 टक्क्यांनी पडला होता. मग म्यूकोसा सुजतो, सूज आली की पोटातली जागा अजून कमी, प्रेशर अजून वर, असं ते स्वतःलाच खात बसतं.

म्हणून बघायचा आकडा मॅप नाही, मॅप वजा आयएपी. याला ॲब्डॉमिनल परफ्युजन प्रेशर म्हणतात, आपण एपीपी म्हणू.

पायरी एक: नीट मोजा, आणि युनिट लिहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून इथे वेळ घालवते. भारी किट नसलं तरी चालतं. फोलीज म्हणजे लघवीची नळी, थ्री-वे, सलाइन आणि सीव्हीपी (छातीतल्या मोठ्या शिरेतलं प्रेशर) मोजायचा जुना मॅनोमीटर, तो पण नसेल तर आयव्ही सेटची नळी आणि स्केलपट्टी. पेशंट पूर्ण सपाट. शून्य कुठे, तर मिड-ॲक्सिलरी लाइन जिथे इलिअक क्रेस्टला भेटते तिथे, आणि तिथे पेनाने फुली मारून ठेवा, नाहीतर प्रत्येक शिफ्टचं शून्य वेगळं असतं. यूरोबॅगची नळी क्लॅम्प करा, ब्लॅडर रिकामं झाल्यावर त्यात 25 एमएल निर्जंतुक सलाइन, जास्त नाही. पूर्वी 50 आणि 100 एमएल टाकायचे, त्याने ब्लॅडर स्वतःच ताणतं आणि आकडा फुगतो. 30 ते 60 सेकंद थांबा, ब्लॅडरचा स्नायू सैल पडू द्या, मग श्वास सोडल्याच्या शेवटी रीडिंग. पोटावर हलकी टिचकी मारून बघा, पाण्याची रेघ हलली पाहिजे, हलत नसेल तर कॅथेटर कुठेतरी दुमडलंय किंवा चोक आहे आणि तुमचा आकडा निव्वळ कल्पनाविलास आहे. पेशंट कण्हत असेल, व्हेंटिलेटरशी भांडत असेल तर तेव्हाचं रीडिंग लिहू नका.

आता त्या रात्रीची गंमत. मोजायला सांगितल्यावर दहा मिनिटांनी परत फोन, आवाज चढलेला, "मॅडम, 30 आलंय, ग्रेड फोर, सर्जन सरांना उठवतो!" मी म्हटलं 30 काय? तर चार्टवर नुसतं 30. मॅनोमीटर पाण्याचा होता. सेंटिमीटर पाण्याला 1.36 ने भागलं की मिलिमीटर मर्क्युरी मिळतं, म्हणजे 22. ग्रेड तीन. सर्जनला कळवायचं तर होतंच, पण उठवून थेट ओटीत नाही.

आकडे एकदाच सांगते, भिंतीवर चिकटवा, सगळे मर्क्युरीत. आजारी मोठ्या माणसात 5 ते 7 नॉर्मल. पुन्हापुन्हा 12 किंवा वर आलं तर पोटातलं हायपरटेन्शन. 12 ते 15 ग्रेड एक, 16 ते 20 दोन, 21 ते 25 तीन, 25 च्या वर चार. आणि 20 च्या वर टिकून राहिलं आणि सोबत नवीन अवयव बिघडायला लागला, किडनी, फुप्फुस, काहीही, की ते ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम. या विषयाच्या जागतिक सोसायटीच्या 2013 च्या गाइडलाइनमधल्याच या व्याख्या आहेत. दर 4 ते 6 तासांनी मोजायचं.

आपल्या पेशंटचा एपीपी म्हणजे 70 वजा 22, 48. मॉनिटर हिरवा, आतडं लाल. जुन्या 2007 च्या शिफारशीत एपीपी 50 ते 60 च्या वर ठेवा असं स्पष्ट होतं, 2013 ला त्यांनी त्यावर शिफारस करायचं टाळलं कारण त्या आकड्यामागे धावून पेशंट जास्त जगतात असा पुरावा नव्हता. मी 60 हा आकडा डोळ्यासमोर ठेवते, पण त्याच्या मागे नॉरअ‍ॅडची सिरिंज घेऊन पळत नाही, का ते पुढे येईल.

पायरी दोन: चाक पाइपवरून उतरवा

औषधाआधीचं काम हे. त्या रात्री आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) होती पण तिचं तोंड बंद करून ठेवलेलं, उघडी करून सक्शन दिलं तर 800 एमएल हिरवं पाणी. फ्लॅटस ट्यूब टाकली. बेडचं डोकं 45 अंशावर होतं, ते 20 वर आणलं, कारण डोकं खूप वर घेतलं की पोटाला घडी पडून आयएपी वाढतं. ॲस्पिरेशनची भीती खरी आहे म्हणून पूर्ण सपाट फक्त मोजताना. फेंटानिल वाढवून दुखणं आटोक्यात आणलं, दुखणारा माणूस पोटाचे स्नायू आवळूनच धरतो. पोटावरची घट्ट पट्टी बांधलेली असते कधीकधी, ती पण सोडा, हसू नका, मी सोडलेली आहे.

मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, चांगला सुरक्षित कप्पा मिळाला, रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी येऊन पिगटेल (पाणी काढायची बारीक नळी) टाकलं आणि तासाभरात 1400 एमएल बाहेर. मॅनोमीटरवर 22 सेंटिमीटर, म्हणजे मर्क्युरीत 16. सिरिंज पंपाला हात न लावता एपीपी 48 वरून 54 झाला. कुठलंही इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) इतक्या स्वस्तात हे देत नाही.

पेशंट व्हेंटिलेटरवर असेल आणि पोटाची भिंत लाकडासारखी लागत असेल तर स्नायू सैल करायच्या औषधाचा एकच बोलस देऊन बघता येतो, ॲट्राक्युरियम किलोला 0.5 मिलिग्रॅम, 60 किलोला 30 मिलिग्रॅम, आधी सिडेशन पक्कं करून. दहा मिनिटांनी परत मोजा. आकडा पडला तर भिंतीचा वाटा होता, नाही पडला तर भानगड डब्यातल्या मालाची आहे आणि पॅरलाइज करून ठेवण्यात अर्थ नाही. ट्यूब नसलेल्या पेशंटला हे अर्थातच नाही.

आणि मोठं आतडंच फुग्यासारखं फुगलेलं असेल, सीटीत कुठे अडथळा नाही, पर्फोरेशन नाही, साध्या उपायांनी उतरत नाही, तर निओस्टिग्मिन. 1999 च्या एका छोट्या पण गाजलेल्या ट्रायलमध्ये 2 मिलिग्रॅम शिरेतून दिल्यावर 11 पैकी 10 जणांचं पोट लगेच उतरलं, सलाइन दिलेल्या 10 पैकी एकाचंही नाही. आपल्याकडे मिळणारी अँप्युल बहुतेक 0.5 मिलिग्रॅमची, म्हणजे चार लागतात, 3 ते 5 मिनिटांत हळू द्या, मॉनिटरवर डोळा आणि ॲट्रोपिन भरून हातात. पल्स कमी असलेल्या, दम्याच्या, नुकतंच आतडं जोडलेल्या पेशंटला नको. बेडपॅन आधी ठेवा, हे सिस्टरांनी मला शिकवलं, पुस्तकाने नाही.

पायरी तीन: पाण्याचा हिशोब, आणि इथेच आपण पेशंट बुडवतो

सात नंबरचा बॅलन्स तीन दिवसांत 7 लिटर प्लस होता. पॅन्क्रियाटायटिस म्हणजे धो धो सलाइन ही आपली जुनी शिकवण, पण 2022 च्या वॉटरफॉल ट्रायलमध्ये जोरात फ्लुइड दिलेल्या गटात ओव्हरलोड 20.5 टक्के आणि बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के, फायदा मात्र काही नाही. बेताने म्हणजे तासाला किलोमागे 1.5 एमएल, आणि खरंच कोरडा असेल तरच आधी किलोमागे 10 एमएलचा बोलस. केशवाहिन्या गळत असताना जास्तीचं सलाइन आतड्याच्या भिंतीत जाऊन बसतं, आणि आतड्याला रक्त मिळावं म्हणून दिलेलं पाणीच आतड्याचं नरडं आवळतं.

पण कोरड्या पेशंटला डोब्युटामिन दिलं तर बीपी धाडकन खाली, म्हणून टाकी भरलीय की नाही हे कळलंच पाहिजे, आणि फुगलेल्या पोटात आपले नेहमीचे सगळे मापदंड खोटं बोलतात. सीव्हीपी खोटा जास्त दिसतो, कारण पोटाचं साधारण निम्मं प्रेशर छातीत पोचतं, म्हणून ढोबळमानाने सीव्हीपीतून आयएपीचा अर्धा आकडा वजा करून विचार करा, म्हणजे सीव्हीपी 14 आणि आयएपी 16 असेल तर खरा 6 च्या आसपास. पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासाबरोबर पल्स प्रेशर किती वर-खाली होतं ते) पण वाढलेलं दिसतं, टाकी भरलेली असतानाही. आणि पाय वर करून बघायची टेस्ट आयएपी 16 च्या पुढे निगेटिव्ह आली तरी विश्वास ठेवू नका, पायातलं रक्त वर यायचा रस्ताच दाबलेला असतो. आयव्हीसी (वर आलेली तीच इन्फिरिअर व्हेना कावा) सोनोग्राफीत चपटी दिसली तर ती रिकामी आहे का दाबलीय हे सांगता येत नाही. उरतं काय, तर इको, आणि 200-250 एमएलचा छोटा बोलस देऊन आउटपुट वाढतो का ते प्रत्यक्ष बघणं. आपल्या पेशंटला बोलसने काही फरक पडला नाही आणि इकोवर डावं व्हेंट्रिकल भरलेलं पण आळशी दिसलं, ईएफ (दर ठोक्याला व्हेंट्रिकलमधल्या रक्तापैकी किती बाहेर पडतं ते) अंदाजे 40 टक्के. टाकी भरलेली, पंप थकलेला. आता औषधांची पाळी.

पायरी चार: औषधं

*नॉरअ‍ॅड.* शॉकमध्ये मॅप 65 च्या खाली असेल तर पहिलं हेच, यात वाद नाही. अँप्युलवर बारीक अक्षरं वाचा, बायटार्ट्रेट 4 मिलिग्रॅम म्हणजे नॉरअ‍ॅड बेस 2 मिलिग्रॅम, आणि हिशोब बेसवर करायचा. एका शिफ्टने बेस धरलाय, दुसऱ्याने मीठ धरलंय, आणि सकाळी राउंडला डोस एका रात्रीत दुप्पट झाल्यासारखा दिसतोय, हे मी बघितलंय. बेस 4 मिलिग्रॅम 50 एमएलमध्ये केलं की 1 एमएलमध्ये 80 मायक्रोग्रॅम, 60 किलोला 0.1 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट म्हणजे तासाला 4.5 एमएल.

आम्ही 0.1 वरून 0.15 केलं. मॅप 77, आयएपी 16, एपीपी 61. आकडा सुंदर. पण लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) 4.2 होतं ते 4.2 च, नखावर दाबलं की 5 सेकंद पांढरं, गुडघे जांभळट. एपीपी हे प्रेशर आहे, रक्त नाही. नॉरअ‍ॅडने प्रेशर मिळतं ते काही अंशी त्याच आतड्याच्या धमन्या आवळून. थकलेलं हृदय आणि आवळलेल्या नळ्या असताना नुसतं 0.2, 0.3, 0.4 करत गेलं की एपीपी 65 दाखवत पेशंटचं आतडं काळं पडू शकतं.

*डोपामिन.* "रीनल डोस" हा शब्द अजून मरत नाही. 2000 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंमध्ये 328 पेशंटवर हा छोटा डोस तपासला, किडनीला काही फायदा नाही. 2010 च्या मोठ्या ट्रायलमध्ये शॉकच्या 1679 पेशंटमध्ये डोपामिनवाल्यांना ऱ्हिदम बिघडण्याचा त्रास 24.1 टक्के, नॉरअ‍ॅडवाल्यांना 12.4 टक्के. आणि आतड्यासाठी म्हणाल तर खाली वाचा.

*डोब्युटामिन.* 2009 साली डुकरांच्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरून आयएपी 15 वर नेलं, आतड्याच्या म्यूकोसाचा रक्तप्रवाह पडला, मग काहींना डोब्युटामिन आणि काहींना डोपामिन दिलं. डोब्युटामिन 5 मायक्रोच्या (मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट) डोसला म्यूकोसाचा प्रवाह परत आला, डोपामिनने नाही. कारण साधं आहे, बीटा-वनमुळे आउटपुट वाढतो आणि बीटा-टूमुळे आतड्याच्या बारीक नळ्या थोड्या सैल पडतात, म्हणजे मोटारही जोरात आणि व्हॉल्व्हही उघडा. पण ते डुक्कर होतं, त्याचं हृदय धडधाकट होतं, टाकी भरलेली होती, प्रेशर 15 होतं, 25 नाही, आणि तीन दिवसांची सूज नव्हती. त्यामुळे "आयएपी वाढलं की डोब्युटामिन" असा नियम कुठल्याच गाइडलाइनमध्ये नाही आणि तुम्हीही करू नका. सेप्टिक शॉकच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये मात्र टाकी भरलेली, मॅप ठीक, तरी हृदय कमजोर आणि परफ्युजन खराब अशा पेशंटला नॉरअ‍ॅडवर डोब्युटामिन जोडा असं आहे, आणि माझा पेशंट नेमका त्या चौकटीत बसत होता. आतड्याचा फायदा हा मी त्यावरचा बोनस धरते.

कसं दिलं ते सांगते. 250 मिलिग्रॅम, एकूण 50 एमएल, सलाइन किंवा 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, 1 एमएलमध्ये 5 मिलिग्रॅम. 60 किलोला 2.5 मायक्रो म्हणजे तासाला 1.8 एमएल, 5 मायक्रो म्हणजे 3.6. सेंट्रल लाइनचं वेगळं ल्युमेन घ्या, सोडाबायकार्बची लाइन त्याच्यात नको, अल्कलाइन द्रावणात ते खराब होतं. सिरिंज थोडी गुलाबी झाली तर घाबरून फेकू नका, ऑक्सिडेशनचा रंग आहे, 24 तासांच्या आत ताकद फारशी जात नाही. 2.5 वर सुरू, बोलस कधीच नाही, 20-30 मिनिटं बघायचं, मग 5. मॅप 5-10 ने पडू शकतो, त्यासाठी नॉरअ‍ॅड किंचित वर घ्यायची तयारी ठेवा, आणि त्यापेक्षा जास्त पडला तर टाकीचा अंदाज चुकलाय, थांबवा आणि परत इको. 5 च्या वर मी क्वचित जाते, 10 च्या वर कधी गेलेले नाही. पल्स 130 च्या पुढे, नवीन एएफ (अनियमित ठोके), ईसीजीत एसटी बदल, की कमी किंवा बंद. पोटॅशियम खाली येतं, ते चार-सहा तासांनी बघा. इकोवर व्हेंट्रिकल रिकामं, भिंती एकमेकींना चिकटताहेत आणि बाहेर पडायची वाट अरुंद झालीय असं दिसत असेल तर डोब्युटामिन म्हणजे आगीत तेल. बीटा-ब्लॉकर खाणाऱ्याला परिणाम कमी दिसेल.

सात नंबरला 2.5 वर पल्स 104 वरून 112, 5 वर 116, नॉरअ‍ॅड 0.12 वर स्थिर. नखाचा रंग तासाभरात 3 सेकंदांवर. सहा तासांनी लॅक्टेट 2.6, युरिन तासाला 35. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यातलं किती डोब्युटामिनचं आणि किती पिगटेलचं हे वेगळं काढता येत नाही, आणि माझं मत विचाराल तर मोठा वाटा पिगटेलचा.

*व्हॅसोप्रेसिन, टर्लिप्रेसिन.* रक्तस्राव होणाऱ्या व्हेरिसेसमध्ये (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांत) टर्लिप्रेसिन का देतो? आतड्याकडचं रक्त कमी व्हावं म्हणून. मग फुगलेल्या पोटात ते कशाला हवं. नॉरअ‍ॅड 0.25-0.5 च्या दरम्यान पोचलं आणि मॅप धरत नसेल तर व्हॅसोप्रेसिन मिनिटाला 0.03 युनिट, फिक्स, वर नाही, हे मी पण करते, पण नाइलाज म्हणून. इथे एक सापळा आहे, 20 युनिट 50 एमएलमध्ये केलं तर 0.03 चा रेट पण तासाला 4.5 एमएल येतो, वरच्या नॉरअ‍ॅडएवढाच. शेजारी शेजारी दोन पंप, दोन्हीवर 4.5, लेबल पुसट. नॉरअ‍ॅड समजून व्हॅसोप्रेसिन दुप्पट केलेलं मी एकदा पकडलंय, तेव्हापासून आमच्याकडे व्हॅसोप्रेसिनच्या सिरिंजला लाल चिकटपट्टी.

*बाकीची.* पॅपॅव्हरिनबद्दल रेसिडेंट दरवर्षी विचारतात. ते धमनीत गुठळी नसताना आतड्याच्या धमन्याच आखडून इस्केमिया होतो, म्हणजे रक्त तुटतं, त्यासाठी, अँजिओग्राफी करून कॅथेटर थेट सुपिरिअर मेझेंटेरिक आर्टरीत (आतड्याच्या मुख्य धमनीत) ठेवून तासाला 30 ते 60 मिलिग्रॅम, कॅथलॅब असेल तर. सेंट्रल लाइनमधून सगळ्या अंगात सोडायचं औषध नाही ते. ऑक्ट्रिओटाइडने प्रेशर सोडल्यानंतरची इजा कमी होते असं उंदरांमध्ये दिसलंय, तेवढ्यावर मी माणसांना देत नाही. 20 टक्के अल्ब्युमिन आणि फ्युरोसेमाइड शॉक ओसरल्यावर सूज खेचायला मी वापरते, 2013 ची गाइडलाइन त्यावर हो पण म्हणत नाही आणि नाही पण, पण युरिन येत असेल तर बॅलन्स मायनसमध्ये नेणं मला पटतं. युरिनच नसेल तर डायलिसिस मशीनने पाणी काढा.

फीडचं काय

आतड्याला अन्न दिलं की रक्त वाढतं हे खरं, पण रक्त आणायची ऐपत नसताना अन्न दिलं तर त्याचं काम वाढतं आणि ऑक्सिजन तेवढाच. 2018 च्या न्यूट्रिरिया-टू ट्रायलमध्ये शॉकमधल्या व्हेंटिलेटरवरच्या 2410 पेशंटमध्ये लवकर पोटातून पूर्ण फीड दिलेल्या गटात आतड्याचा इस्केमिया 19 जणांना, शिरेतून दिलेल्यांत 5 जणांना. म्हणून नॉरअ‍ॅड चढत असताना, आयएपी 20 च्या वर असताना फीड बंद. दोन्ही उतरणीला लागले की तासाला 10-20 एमएल, आणि चार तासांनी आयएपी. नातेवाईक विचारतात, तीन दिवस पोटात काही नाही, निदान नारळपाणी तरी? त्यांना दटावू नका, सांगा की आतडं सुजलंय, आत्ता दिलं तर पोट अजून फुगेल.

लहान मुलं

डेंग्यूच्या सीझनमध्ये हा प्रश्न मुलांमध्ये जास्त येतो. मुलांत आयएपी 10 च्या वर म्हणजेच हायपरटेन्शन, आणि त्याबरोबर नवीन अवयव बिघडला की कंपार्टमेंट सिंड्रोम, 20 ची वाट बघायची नसते. मोजताना ब्लॅडरमध्ये सलाइन किलोमागे 1 एमएल. प्लेटलेट कमी असताना पोटातलं पाणी काढायची घाई नको. पुढचं सगळं मुलांच्या आयसीयूवाल्यांना विचारूनच, मी त्यात हात घालत नाही.

पायरी पाच: औषध थांबवून सर्जनला कधी बोलवायचं

आयएपी 20 च्या वर टिकलंय, अवयव बिघडताहेत, नळ्या, पिगटेल, सिडेशन सगळं करून झालं, आणि तुम्ही डोब्युटामिन 5 वरून 7.5 करायच्या विचारात आहात, तर तो विचार सोडा आणि फोन उचला. पोट उघडून ठेवणं ही गाइडलाइनची ठाम शिफारस आहे. वरून बोगोटा बॅग लावतात, नाव कोलंबियाच्या राजधानीवरून, आपल्याकडे ती निर्जंतुक सलाइनच्या मोठ्या पिशवीची कापून करतात. पॅन्क्रियाटायटिसमध्ये सर्जन का-कू करतात, त्यांचं अगदी चुकतं असं नाही, उघडं पोट हा वेगळा संसार आहे, म्हणून सुरुवातीपासून त्यांना रोज आकडे पाठवत जा, चौथ्या दिवशी पहाटे पहिल्यांदा नाव ऐकवू नका. काही वर्षांपूर्वी एका पेशंटमध्ये मी बारा तास नॉरअ‍ॅड आणि व्हॅसोप्रेसिन चढवत बसले, मॅप 70 च्या खाली येऊ दिला नाही याचा मला अभिमान होता, पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा हात-दीड हात तुकडा वांग्याच्या रंगाचा होता.

आणि उघडायच्या क्षणाला तयार राहा. दाबलेल्या आतड्यातून ॲसिड आणि पोटॅशियम एकदम रक्तात येतं, बीपी कोसळतं. कॅल्शियम भरून ठेवा, ताजी एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) घ्या, व्हॉल्यूम हाताशी, नॉरअ‍ॅडचा पंप चालू ठेवूनच ओटीत न्या, दुसरी सिरिंज भरलेली. हृदयावरचा दाब हटलेला असतो, म्हणून बीपी सावरलं की डोब्युटामिन निम्मं करता येतं का बघा.

उतरवताना

सात नंबरचं आयएपी पाचव्या दिवशी 11 झालं. आधी नॉरअ‍ॅड 0.05 पर्यंत आणलं, मग डोब्युटामिन 5 वरून 2.5, सहा तास थांबलो, लॅक्टेट 1.8, नख 2 सेकंद, मग बंद. बंद केल्यावर चार तासांनी परत मोजलं, 12, बॉर्डरवर, म्हणून फीड 20 एमएलवरच ठेवलं आणि परत चार तासांनी मोजलं, तेव्हा 10. रेसिडेंटने तोवर पंप काढून तीन नंबरच्या बेडला द्यायला घेतला होता, त्याला म्हटलं उद्या सकाळचं रीडिंग होऊ दे, मग ने.